यकृताचा कर्करोग : कापावें किती, राखावें किती

मराठी भाषेनें काळजाला फार मोठा मान दिला आहे. दुःख झालें कीं काळीज तुटतें, भय वाटलें कीं काळजाचें पाणी होतें, आणि अपत्याविषयींची माया सांगावयाची झाली कीं काळजाच्या तुकड्याची उपमा आठवते. बोलणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं हृदय असतें. परंतु खाटकाच्या दुकानांत काळीज म्हणून जें तागडींत पडतें, तें हृदय नसून यकृत होय. शब्दांचा हा घोटाळा शरीरशास्त्राच्या दृष्टीनें फारसा अन्यायाचा नाहीं. हृदयाप्रमाणेंच यकृतावांचूनही मनुष्य जगूं शकत नाहीं. आणि ज्या काळजाला इतकें जपावयाचें, त्यालाच कर्करोग झाला असतां त्यावर सुरी चालवावी कीं न चालवावी, आणि चालवावयाची तर किती चालवावी, हा आजच्या शस्त्रवैद्यकांतील एक अत्यंत नाजूक प्रश्न आहे.

उजव्या बरगड्यांच्या आड, छातीच्या पडद्याला टेकून बसलेला हा अवयव प्रौढ माणसांत सुमारें सव्वा ते दीड किलोग्रॅम वजनाचा असतो. साखरेचा सांठा करणें, पित्त तयार करणें, रक्त गोठविणारीं द्रव्यें निर्माण करणें, रक्तांतील पाणी वाहिन्यांतच धरून ठेवणारें अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन बनविणें, औषधांचा व विषारी पदार्थांचा निकाल लावणें, अशीं कितीतरी कामें तो अहोरात्र करीत असतो. त्याला रक्त दोन वाटांनीं मिळतें. एक वाट रोहिणीची; तींतून हृदयाकडून आलेलें शुद्ध रक्त येतें. दुसरी वाट पोर्टल शिरेची. आंतड्यांत शोषिलेला अन्नरस घेऊन येणारें रक्त तींतून यकृताच्या दारीं येतें. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश या दुसऱ्या वाटेनें येतें. ही पोर्टल शीर श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथेंत तिचें काम फार आहे.

यकृताचा आणखी एक गुण मोठा विलक्षण आहे. निरोगी यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला, तरी उरलेला तिसरा भाग कांहीं आठवड्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकारास येतो. छाटलेल्या झाडाला नवी पालवी फुटावी तसा हा प्रकार आहे. या एका गुणावर यकृताच्या शस्त्रक्रियेची सारी इमारत उभी आहे. परंतु सिरोसिस या रोगानें नेमका हाच गुण हिरावून घेतलेला असतो.

सिरोसिस म्हणजे यकृताचें काठिण्य. दीर्घकाळचें मद्यपान, ब आणि क या प्रकारच्या काविळीचे विषाणु, तसेंच मधुमेह व स्थूलपणा यांच्या संगतीनें यकृतांत सांचणारी चरबी, हीं त्याचीं प्रमुख कारणें होत. पेशी मरतात, नव्या येतात, पुन्हां मरतात. आणि प्रत्येक खेपेस जखमेच्या वणासारखे तंतु मागें राहतात. पांच-दहा-वीस वर्षांनीं मऊ, गुळगुळीत यकृत गांठाळ व कठीण होतें. कठीण झालेल्या यकृतांतून रक्त सुखानें वाहूं शकत नाहीं, आणि पोर्टल शिरेंतील दाब वाढतो. उजनीच्या कालव्यांत गाळ सांचला म्हणजे पाणी पुढें सरकत नाहीं. तें मागें तुंबतें आणि जेथें भराव कच्चा असेल तेथें वाट फोडतें. शरीरांतही तसेंच घडतें. पानथरी फुगते, अन्ननलिकेच्या तळाशीं शिरा सुजून येतात व एखादे दिवशीं फुटून रक्ताची उलटी होते, पोटांत पाणी सांचून जलोदर होतो.

अशा झिजलेल्या यकृतांत पेशींची मोडतोड व पुनर्रचना सतत चालू असते, आणि या धामधुमींत एखादी पेशी बेबंद होते. यकृताच्या मूळ पेशींतून उठणारा जो सर्वांत नेहमींचा कर्करोग, तो बहुसंख्य रोग्यांत अशा सिरोसिसच्या भूमींतच उगवतो. दुसऱ्या एखाद्या अवयवाचा कर्करोग पसरून यकृतांत आलेला असतो, तो प्रकार निराळा; त्याचा विचार येथें नाहीं. स्तनाच्या किंवा आंतड्याच्या कर्करोगांत शस्त्रवैद्याला मुख्यतः एका शत्रूशीं सामना द्यावयाचा असतो. येथें एकाच देहांत, एकाच अवयवांत, दोन रोग एकमेकांस लागून बसलेले असतात. कर्करोग म्हणतो, मोकळ्या हातानें कापा. सिरोसिस म्हणतो, एक कणही दवडूं नका.

या पेचाचें स्वरूप एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, सोलापूर जिल्ह्यांतील तीन रोगी एकाच दिवशीं तपासणीस आले: एक यंत्रमागावरील कामगार, एक डाळिंबाचा बागायतदार आणि एक शाळेंतील शिक्षिका. तिघांच्याही यकृतांत तीन सेंटिमीटर व्यासाची एकेकच गांठ आहे, म्हणजे कर्करोग तिघांचाही आरंभीच्या अवस्थेंतील आहे. एकच गांठ असून ती पांच सेंटिमीटरपर्यंत असणें, किंवा गांठी तीनपर्यंत असून त्यांपैकीं कोणतीही तीन सेंटिमीटरहून मोठी नसणें, आणि रक्तवाहिन्यांत वा शरीरांत अन्यत्र रोग गेलेला नसणें, ही आरंभीच्या अवस्थेची रूढ व्याख्या आहे. आतां, गांठ सारखीच असल्यामुळें उपायही तिघांना एकच, असें सामान्य माणसाला वाटेल. प्रत्यक्षांत तिघांच्या वाटा तीन होतात. आणि त्या ठरतात त्या गांठीवरून नव्हेत, तर गांठीभोवतीं जें यकृत उरणार आहे त्याच्या बळावरून.

हें बळ मोजण्याची पहिली मापपट्टी साधी आहे. चाइल्ड व टर्कट या शस्त्रवैद्यांनीं ती १९६४ सालीं सुचविली आणि पुढें १९७३ मध्यें पघ व त्याच्या सहकाऱ्यांनीं ती सुधारली. तींत पांच गोष्टी पाहतात: रक्तांतील बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, अल्ब्युमिनचें प्रमाण, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, जलोदर आहे कीं नाहीं, आणि यकृताच्या दुर्बलतेमुळें बुद्धीवर झांपड आली आहे कीं काय. प्रत्येकास एक ते तीन गुण देतात. बेरीज पांच किंवा सहा झाली तर तो अ वर्ग, सात ते नऊ हा ब वर्ग, आणि दहा ते पंधरा हा क वर्ग. येथें अधिक गुण मिळविणारा अधिक आजारी, हें विसरतां कामा नये. मोठी शस्त्रक्रिया साधारणतः अ वर्गांतील रोग्यालाच सोसते.

परंतु अ वर्गांतील सर्व रोगी सारखे नसतात, हें पुढें अनुभवानें कळून आलें. स्पेनमधील बार्सेलोना येथील वैद्यांनीं पोर्टल शिरेंतील दाबाकडे लक्ष वेधलें. त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेले आंकडे आजही शिकविले जातात. ज्या रोग्यांत हा दाब वाढलेला नव्हता, त्यांपैकीं ७४ टक्के शस्त्रक्रियेनंतर पांच वर्षांनीं जिवंत होते. ज्यांचा दाब वाढला होता पण बिलिरुबिन प्राकृत होतें, त्यांत हें प्रमाण ५० टक्के होतें. आणि ज्यांच्या दोन्ही गोष्टी बिघडल्या होत्या त्यांत अवघें २५ टक्के. हा दाब मानेच्या शिरेंतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन मोजतां येतो; दहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरला तर तो धोक्याचा समजतात. तेवढी सोय नसली तरी साध्या खुणाही बरेंच सांगून जातात. दुर्बिणीनें पाहतां अन्ननलिकेंत फुगलेल्या शिरा दिसणें, किंवा पानथरी वाढून रक्तांतील प्लेटलेट एक लाखाच्या खालीं जाणें, या त्या खुणा होत.

जपानी शस्त्रवैद्यांनीं आणखी एक युक्ति काढली. हिरव्या रंगाचें एक निरुपद्रवी द्रव्य शिरेंतून टोंचावयाचें आणि पंधरा मिनिटांनीं त्यापैकीं किती रक्तांत उरलें तें पाहावयाचें. चांगलें यकृत तें भराभर वेंचून घेतें. दहा टक्क्यांहून कमी उरलें तर यकृताचा मोठा भाग काढण्यास हरकत नसते. जसजसा हा आंकडा वाढतो तसतसा कापण्याचा परवाना आंखडत जातो, आणि शेवटीं केवळ गांठ व तिच्या भोंवतालची कड एवढेंच काढण्याची मुभा राहते. यांत भर म्हणून उरणाऱ्या यकृताचें आकारमान सीटी स्कॅनवरून आधींच मोजतात. निरोगी माणसांत एकूण यकृताच्या पाव भागावर निभावतें. सिरोसिस असेल तर सुमारें ४० टक्के तरी उरलें पाहिजे. तितकें उरत नसेल तर गांठीच्या बाजूस जाणारी पोर्टल शिरेची शाखा मुद्दाम बंद करून चार-सहा आठवडे थांबतात; रक्त दुसऱ्या बाजूस वळतें व तो भाग वाढूं लागतो. तो वाढला नाहीं, तर त्या यकृतांत पुन्हां उभें राहण्याची शक्ति नाहीं हें सुरी लावण्यापूर्वींच कळून येतें. हेंही एक प्रकारचें ज्ञानच होय.

एवढी छाननी झाल्यावर शस्त्रक्रियेची वेळ येते. शंभर वर्षांपूर्वीं यकृताला हात लावणें म्हणजे रक्ताच्या पुराला वाट करून देणें, असा समज होता. स्कॉटलंडमधील ग्लासगोचा शस्त्रवैद्य प्रिंगल यानें १९०८ सालीं दाखविलें कीं, यकृताच्या दारांत शिरणारी रोहिणी व पोर्टल शीर यांचा जुडगा कांहीं मिनिटें चिमटून धरला तर रक्तस्राव आटोक्यांत राहतो. पुढें १९५० नंतरच्या दशकांत क्विनो या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें यकृताचे आठ खंड पाडून दाखविले. संत्र्याच्या फोडींसारखे हे खंड आंतून वेगवेगळे असतात. प्रत्येकाला आपली स्वतंत्र रक्तवाहिनी व पित्तवाहिनी असते. त्यामुळें एक फोड काढली तरी शेजारची सुकत नाहीं. जपानमधील माकुउची यानें शस्त्रक्रिया चालू असतांना यकृतावर सोनोग्राफीचें यंत्र धरून खंडाची नेमकी सीमा आंखण्याची पद्धति रूढ केली. यकृताचा कर्करोग पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांतून आपल्याच खंडांत प्रथम पसरतो. म्हणून शक्य तेथें तो लहानसा खंड समूळ काढणें, आणि शक्य नसेल तेथें गांठीभोवतीं थोडी निरोगी कड ठेवून तेवढाच भाग काढणें, असा आजचा मार्ग आहे. पोटावर मोठा छेद न घेतां बारीक छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्यानें हें काम करण्याची रीतही आतां रुळली आहे. सिरोसिसच्या रोग्यास तिचा विशेष फायदा होतो. तुंबलेल्या रक्तानें पोटाच्या भिंतींतून ज्या पर्यायी वाटा काढलेल्या असतात त्या तुटत नाहींत, व मागाहून जलोदर होण्याचें भय कमी होतें.

याचें फळ काय? योग्य रोगी निवडला व अनुभवी हात लाभले, तर सिरोसिस असतांनाही शस्त्रक्रियेमुळें दगावणाऱ्यांचें प्रमाण आज शेंकडा दोन-तीनांवर आलें आहे, आणि पांच वर्षांनंतर निम्म्याहून अधिक रोगी जिवंत असतात. परंतु या चित्राची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. पांच वर्षांच्या आंत सुमारें ७० टक्के रोग्यांत यकृतांत पुन्हां गांठ उद्भवते. पहिल्या दोन वर्षांत येते ती बहुधा मूळ रोगाचीच मागें राहिलेली बारीक पिलावळ असते. त्यानंतर येते ती पुष्कळदां अगदीं नवी गांठ असते. तण उपटलें, पण शेत तेंच राहिलें, असा हा प्रकार आहे. शस्त्रक्रियेनंतर देऊन हा पुनरुद्भव थोपवील असें औषध शोधण्याचे प्रयत्न झाले. सोराफेनिब या औषधाची मोठी चांचणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली, तींत कांहीं लाभ दिसला नाहीं. मात्र ब प्रकारच्या विषाणूवर नेमानें औषध घेणें व मद्य कायमचें सोडणें यांनीं उरलेल्या यकृताचें रक्षण होतें यांत शंका नाहीं. शिवाय पुनरुद्भव म्हणजे सर्वस्वाचा शेवट नव्हे. नियमित तपासणींत नवी गांठ लहान असतांना सांपडली, तर पुन्हां उपाय करतां येतो.

दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गांठीला सुरीवांचूनही एक उपाय आहे. त्वचेंतून बारीक सुई गांठीपर्यंत नेऊन विद्युल्लहरींच्या उष्णतेनें ती जाळून टाकतात. इतक्या लहान गांठींत याचें फळ शस्त्रक्रियेच्या जवळपास येतें, आणि यकृताची हानि फारच थोडी होते. गांठ मोठ्या शिरेला लागून असेल तर वाहतें रक्त उष्णता वाहून नेतें व गांठीची कड जिवंत राहण्याचा संभव असतो. तीन सेंटिमीटरच्या पुढें तर या उपायाचा भरंवसा कमी होत जातो.

तिसरा उपाय सर्वांत मोठा, आणि तर्कानें पाहिलें तर सर्वांत पूर्ण. तण आणि शेत दोन्ही बदलावयाचीं. म्हणजे रोगी यकृत समूळ काढून त्या जागीं दुसऱ्याचें यकृत बसवावयाचें. अमेरिकेंत थॉमस स्टार्झल यानें १९६३ सालीं हा प्रयोग प्रथम केला, व १९६७ मध्यें त्याला दीर्घकाळ टिकणारें यश आलें. कर्करोगांत मात्र आरंभीं निराशाच पदरीं पडली, कारण फार पुढें गेलेल्या रोग्यांवर हा उपाय केला जाई. इटलींतील मिलान येथील माझाफेरो यानें १९९६ सालीं ४८ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. वर सांगितलेली आरंभीच्या अवस्थेची मर्यादा पाळून निवडलेल्या या रोग्यांपैकीं ७५ टक्के चार वर्षांनंतर जिवंत होते. तेव्हांपासून ही मर्यादा मिलानच्या नांवानें जगभर मानली जाते. भारतांत अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालीं झाला आणि यकृताचें पहिलें यशस्वी प्रत्यारोपण १९९८ सालीं दिल्लींत झालें. अडचण आहे ती अवयवांच्या दुर्मिळतेची. मेंदु मृत झालेल्या माणसाच्या आप्तांनीं दान दिलें तरच यकृत मिळतें. पश्चिम महाराष्ट्रांत त्याच्या वांटपाची व्यवस्था पुण्याचें विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहतें. वाट पाहतां पाहतां गांठ मिलानची मर्यादा ओलांडून जाण्याचें भय असतें. म्हणून मधल्या काळांत ती जाळून किंवा तिचा रक्तपुरवठा तोडून तिला रोखून धरतात. पुष्कळ ठिकाणीं जिवंत आप्तच आपल्या यकृताचा भाग देतो. दात्याचें यकृत पुन्हां वाढतें, तथापि दात्यालाही थोडा परंतु खरा धोका असतो. आणि प्रत्यारोपण झालेल्या रोग्यास जन्मभर औषधें घ्यावीं लागतात.

आतां त्या तिघां रोग्यांकडे वळल्यास निर्णय आपोआप उलगडतो. यंत्रमाग-कामगाराचें यकृत अ वर्गांतील आहे, प्लेटलेट दीड लाखांवर आहेत, शिरा फुगलेल्या नाहींत. त्याच्या गांठीचा खंड काढून टाकणें हें योग्य. बागायतदाराला कावीळ नाहीं, जलोदर नाहीं, परंतु पानथरी वाढली असून प्लेटलेट सत्तर हजारांवर आल्या आहेत. मोठा खंड काढल्यास तो सुखरूप घरीं येईलच असें नाहीं. गांठ कांठावर असेल तर दुर्बिणीनें तेवढाच तुकडा काढावा, खोल असेल तर ती जाळावी, आणि प्रत्यारोपणाचाही विचार करून ठेवावा. शिक्षिकेच्या डोळ्यांत पिंवळेपणा आहे, पोटांत पाणी आहे. तिच्यावर लहानशी सुरी चालविणें हेंही अघोरी ठरेल. तिला मार्ग आहे तो प्रत्यारोपणाचा. गांठ तीच, परंतु एकाला जी शस्त्रक्रिया जीवदान देते, तीच दुसऱ्याचा प्राण घेऊं शकते. “डॉक्टर कापण्यास नाहीं म्हणतात” हें ऐकून अनेक कुटुंबें हताश होतात, व होय म्हणणारा कोणीतरी शोधूं लागतात. तो नकार पुष्कळदां निराशेचा नसून हिशेबाचा असतो, आणि त्याच्या मागें दुसरा उपाय उभा असतो, हें अशा वेळीं घरच्यांनीं ध्यानांत घ्यावें.

मात्र ही सारी निवड ज्याची गांठ लहान असतांना सांपडली त्याच्यासाठींच आहे. यकृताला स्वतःची वेदना फारशी नसते. तीन सेंटिमीटरची गांठ दुखत नाहीं, हाताला लागत नाहीं, भूक मारीत नाहीं. ती बोलूं लागते तेव्हां बहुधा फार उशीर झालेला असतो. म्हणून सिरोसिस झालेल्या माणसानें, तसेंच ब प्रकारच्या विषाणूचा दीर्घ संसर्ग असून वैद्यानें जोखमीचा ठरविलेल्या माणसानें, दर सहा महिन्यांनीं पोटाची सोनोग्राफी करावी, आणि तिच्या जोडीस आल्फा-फीटोप्रोटीन नांवाची रक्ततपासणी करावी, असें शास्त्र सांगतें. संशय आला तर रक्तवाहिन्या रंगविणाऱ्या औषधासह सीटी अथवा एमआरआय करतात. सिरोसिसच्या रोग्यांत गांठ प्रथम रोहिणीच्या रक्तानें उजळली व मागाहून फिकी पडली, तर तुकडा काढून तपासण्याचीही बहुधा गरज लागत नाहीं. चीनमधील शांघाय येथें ब-विषाणूच्या सुमारें १९ हजार लोकांवर झालेल्या आणि २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, अशा सहामाही तपासणीनें यकृताच्या कर्करोगाचे मृत्यु ३७ टक्क्यांनीं घटले. आणि तेंही, सांगितलेल्या तपासण्यांपैकीं जेमतेम साठ टक्केच पार पडल्या असतांना.

सोलापूर जिल्ह्याला या बाबतींत परक्या मुलखाकडेच पाहण्याची आवश्यकता नाहीं. बार्शी येथें १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही सुरू झाली. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहकार्यानें बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गांवांत ती चालूं लागली. खेड्यांतला रोगी रुग्णालयांत येईलच याची शाश्वति नव्हती. म्हणून नोंद करणारे कार्यकर्तेच गांवोगांव फिरले, लोकांशीं बोलले, कोणतीं लक्षणें दिसतां वैद्याकडे जावें तें समजावून सांगूं लागले. कांहीं वर्षांनीं त्यांना असें आढळलें कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षां अलीकडच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या आहेत. कोणतेंही मोठें यंत्र त्या भागांत नव्यानें आलेलें नव्हतें. गेला होता तो केवळ माहितीचा शब्द.

यकृताचा कर्करोग भारतांतील नोंदवह्यांत पूर्व आशियाच्या मानानें कमी आढळतो. त्यामुळें सर्व लोकांची सोनोग्राफी करीत सुटणें व्यर्थ होईल. पण ज्यांना सिरोसिस आहे ते लोक वैद्याला ठाऊक असतात. जलोदरासाठीं, रक्ताच्या उलटीसाठीं, काविळीसाठीं ते एकदां तरी रुग्णालयांत येऊन गेलेले असतात. सोलापुरांत १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलें सर्वोपचार रुग्णालय आहे. तालुक्यांच्या गांवींही सोनोग्राफी आतां दुर्मिळ राहिलेली नाहीं. प्रत्यारोपणासाठीं पुण्या-मुंबईची वाट धरावी लागली, तरी गांठ वेळेवर सांपडण्यासाठीं ती धरावी लागत नाहीं. उलटी थांबली, पोट उतरलें, कीं रोगी आपल्याला बरें समजून मागावर किंवा शेतावर परततो, आणि पुढची तपासणी राहून जाते. त्या राहून गेलेल्या सहा महिन्यांतच दोन सेंटिमीटरची गांठ पांचाची होऊं शकते.

याहून श्रेयस्कर मार्ग म्हणजे भूमीच नापीक होऊं न देणें. ब प्रकारच्या काविळीची लस तान्ह्या बालकांना देण्यास तैवाननें १९८४ सालीं आरंभ केला, आणि पुढें तेथील मुलांत यकृताचा कर्करोग स्पष्टपणें घटला. भारतांत ही लस २००२ सालीं कांहीं ठिकाणीं सुरू होऊन २०११ सालीं देशभराच्या कार्यक्रमांत आली. विषाणुजन्य काविळीविरुद्धची राष्ट्रीय मोहीम २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झाली. तिच्या द्वारें ब व क या विषाणूंची तपासणी व औषधें सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात, आणि क विषाणु तर बहुतेक रोग्यांत तीन महिन्यांच्या गोळ्यांनीं नाहींसा होतो. मद्याविषयीं निराळें सांगावयास नको. एक गोष्ट मात्र सोलापूरच्या स्वयंपाकघरालाच उद्देशून सांगण्यासारखी आहे. येथील शेंगदाण्याची चटणी दूरवर नांवाजलेली आहे; परंतु बुरसलेल्या शेंगदाण्यांत ॲफ्लाटॉक्सिन नांवाचें विष असूं शकतें, व तें यकृताच्या कर्करोगाला हातभार लावतें. भाजल्यानें वा कुटल्यानें तें पुरतें नष्ट होत नाहीं. दाणे कोरडे ठेवावे, बुरसलेले, काळवंडलेले व सुरकुतलेले वेंचून टाकून द्यावे, हीच खरी खबरदारी.

शस्त्रवैद्यकाची प्रगति किती कापतां येतें यावरून मोजण्याचा एक काळ होता. यकृताच्या बाबतींत ती आतां किती राखतां येतें यावरून मोजली जाते. कुशल शस्त्रवैद्याच्या हातांत सुरी येण्यापूर्वींच अर्धा निकाल लागलेला असतो, आणि तो लावणारा रोगी स्वतः, त्याच्या घरचीं माणसें व गांवचा वैद्य असतो. ज्या घरांत सिरोसिसचा रोगी असेल, त्या घरच्या दिनदर्शिकेवर सहा महिन्यांनंतरच्या एका तारखेस खूण केलेली असावी. काळजाला जपणें म्हणतात तें प्रत्यक्षांत एवढेंच आहे.